जास्वंदीचं दुखणं

दि. ११ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

आम्ही सगळे ठीक, तुमची कंबरही आता बरी असेल. "मुलांची बदली झाली, तुम्ही त्यांच्याबरोबर जाणार ना?" असं तुम्ही पुन्हा विचारलंत. माझे गुडघे दुखतात आणि तिथली हवा मला मानवायची नाही, हे मी मागेच कळवलंय. त्यावर एवढंच पुरे. आज तुमच्या लेकीचं कौतुक करायला बसलेय.

ह्यांनी अंगणात लावलेली जास्वंद तुम्ही पाहिली आहे. हे गेले तेव्हा ती फुलांनी लगडलेली होती. यंदा मात्र पानं पिवळी पडली, फांद्यांनी माना टाकल्या, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. मी म्हटलं, ऊन लागलं. चिरंजीवांनी कीड ठरवून औषध फवारलं. त्याला झाडातलं ओ की ठो कळत नाही, पण आत्मविश्वास बापाचा.

तुमच्या लेकीनं मातीत बोट खुपसलं, वास घेतला, मग खुरप्यानं एक मूळ उकरलं. काळं, लिबलिबीत. म्हणाली, "आई, ह्याला तहान नाही लागलेली. हे बुडतंय."

जेवताना तिनं आमची उलटतपासणीच घेतली. "झाडाला पाणी कोण कोण घालतं? मी घालते, कपडे वाळत टाकताना."

चिरंजीव ताटाकडे बघत म्हणाले, "मीपण. ऑफिसला निघताना. बाबांना सांगून निघाल्यासारखं वाटतं."

आणि मी तर ह्यांच्याशी गप्पा संपेपर्यंत बादलीच रिकामी करायची. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे विसरले. आधी हसू फुटलं, मग तिघंही रडलो. वर्षभर आम्ही एकमेकांसमोर ह्यांचा विषयसुद्धा काढला नव्हता, विहीणबाई.

दुसऱ्या दिवशी तिनं जास्वंद मुळासकट उकरून काढली. सडकी मुळं कापली, फांद्या निम्म्या छाटल्या, वाळू मिसळलेली माती भरून मोठ्या कुंडीत बसवली आणि सावलीत ठेवली. आम्हा मायलेकांना पाण्याची सक्त मनाई. "अगं, मरेल ती," मी म्हटलं. "दम धरा जरा," म्हणाली.

काल कोंब दिसले. शेजारच्यांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं, माझ्या सुनेचं काम बघा म्हणून.

मग तिला विचारलं, "आता परत अंगणात कधी लावायची?"

ती हात धूत म्हणाली, "नाही लावायची. कुंडी गाडीच्या मागच्या सीटवर मावते, मी बसवून बघितलीय. शेजारी तुमची जागा आहे."

ह्यांना इथं एकटं टाकून मला जायचं नव्हतं, हे मी कुणापाशीच बोलले नव्हते. तिला ते न सांगता कळलं. अशी मुलगी तुम्ही वाढवलीत, आणि ती माझ्या घरात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

रविवारी आम्ही चौघं निघतो.

तुमच्या लेकीची सासू