भट्टीची मऊ राख

आबा, परवा आई मोरीत पितळी हंडा घासत बसली होती, तेव्हा तुमची आठवण आली. तुम्ही रांजणगावला भट्टीवर होता. गटाराच्या पाण्यातला गाळ वाळवून जाळायचा, त्या आचेवर केलेल्या वाफेवर कारखान्याचं काहीबाही चालायचं. मला त्यातलं कळायचं नाही. कंपनीची बस तेवढी अजून दिसते, खिडकीशी तुम्ही, पायाशी राखेची गोणी. मैद्यासारखी मऊ राख. आई म्हणायची, "चुलीच्या राखंला हिची सर न्हाई." शेजारणी वाटीवाटीनं न्यायच्या, वांग्यावर मावा कीड पडली की तीच धुरळायची. एकदा मी ती अंगणात सांडली, तर तुम्ही ओरडलात, "आयतं मिळतंय म्हणून उधळायचं व्हय रं?" आणि चिमटी चिमटी गोळा करायला लावली.

मी काही एका जागी टिकलो नाही. शाळा सुटली, ट्रकवर फिरलो, इनामगावला नदीकाठी नुसता भटकलो. तिथं एक म्हातारा म्हणाला, फार जुन्या माणसांच्या चुलींची राख इथं जमिनीत तशीच सापडली. राख कुठं जात नाही, एवढं डोक्यात राहिलं. आता दौंडकडं तसल्याच भट्टीवर लागलोय. पहिल्याच दिवशी हातानं राख उचलली, तर ऑपरेटर खेकसला, "अरे, हात मत लगा! मास्क कुठंय तुझा?" मग चहा पिताना त्यानं सांगितलं, गाळात शिसं, कॅडमियम, पारा असतो. गाळ जळतो, धातू जळत नाही. पारा धुरातनं निघून जातो, बाकीचं तापून वर चढतं आणि गार होताना बारीक राखेला चिकटतं. जेवढी मऊ, तेवढी वाईट. मला त्या चिमट्या आठवल्या. तुम्ही ज्यात गेलात ते दुखणं कशाचं होतं हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, मीही सांगणार नाही. तुम्हाला कुणी बजावलं नव्हतं, एवढं नक्की.

शेवटची डबाभर राख आईनं जपली होती, सणाला हंडा घासण्यापुरती. तिला सांगायला दोनदा घरी गेलो, दोनदा जेवून परत आलो. तिसऱ्यांदा ती बाजाराला गेल्यावर डबाच उचलला, प्लँटवरच्या विषारी कचऱ्याच्या पिंपात टाकला, आणि तसल्याच डब्यात शेजारच्या चुलीतली राख चाळून भरून ठेवली. परवा हंडा चकाकला. ती म्हणाली, "बघ, तुझ्या बापाच्या राखंची सर हाय का कशाला?"

मी "न्हाई" म्हणालो. आबा, हे तिला सांगायचं होतं. तुम्हाला लिहीत बसलो.