सावरायच्या आत

वरकुटे, ता. इंदापूर
१२ डिसेंबर १९९४

शंभूराज,

माळेगावी तुझ्या घरची मंडळी बरी असतील. इकडे तात्या बरे आहेत, ज्वारी पोटऱ्यात आली आहे. झाली ख्यालीखुशाली.

आता सांग, मी पुण्यात असताना माझ्या वडिलांकडे येऊन बसायचं तुला कुणी सांगितलं? काल घरी आले तर तात्या म्हणतात, "लेकी, निबंधातली चूक कोण वाचतंय? लगीन मोडलं तर समदं गाव वाचंल." ही तुझीच शिकवणी, दुसऱ्या कुणाची?

उन्हाळ्यात आई गेली तेव्हा आपल्या प्रयोगशाळेतला सोडियम क्लोरेटचा नमुना तुझ्या हवाली करून मी गावी आले. रेडिओलहरींचा एक झटका दिला की अणूंची केंद्रकं विस्कटतात. ती सावरेपर्यंत थांबायचं, मगच दुसरा द्यायचा. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गार केला की सावरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. हे मला शिकवलंस तूच! आणि तूच त्या गार नमुन्याला नेहमीच्याच वेगानं झटके देत बसलास, का तर परिषद तोंडावर आली होती. केंद्रकं सावरलीच नव्हती, म्हणून त्यांचा संकेत दुबळा आला. तू म्हणालास, स्फटिकात नवीनच काहीतरी घडतंय. शोधनिबंध छापून मोकळा झालास, माझ्या नावासकट.

गेल्या आठवड्यात पुरेसं थांबून मी तोच प्रयोग केला. संकेत भरपूर आला. नवीन काहीही घडत नाही, शंभूराज. तुला दम धरवला नाही, एवढंच.

चूक कुणाच्याही हातून होते, तिचा राग नाही. पण दाखवल्यावर तू हसलास. "जर्मनीचं नेमणुकीचं पत्र हातात पडू दे, तोवर गप्प बस. आता आपण घरचेच." सुपारी फुटली म्हणून मी खोटं झाकायचं?

बनाबाई आत्या कालपासून कान खाते, "वरसाच्या आत उरकलं न्हाय तर तीन वरसं थांबावं लागंल. पोरगं परदेशी निघालंय." मी आईसाठी अजून धड रडलेसुद्धा नाही. तिच्या दहाव्यालाच तू लग्नाच्या तारखेचं विचारलंस. तेव्हा मी बोलले नाही. तुझ्यावर जीव होता म्हणून बोलले नाही. आजही आहे, आणि त्याचीच मला जास्त चीड येते.

आज सकाळी इंदापूरला जाऊन संपादकांना चूक कबूल करणारं पत्र रजिस्टर टपालानं पाठवलं. आपल्या गाइड सरांनाही प्रत पाठवली. चूक तुझ्या एकट्याच्या माथी मारलेली नाही, दोघांची म्हणून लिहिली आहे. तेवढं तुझ्यासाठी केलं. यापुढे काही करणार नाही.

मी आपली सोयरीक मोडली, हे तात्यांना अजून सांगितलेलं नाही. ते तूच येऊन सांग. त्यांच्यासमोर बसायची तुला सवय झालीच आहे, आणि उरकून टाकायचीही.

आईची लेक,
मनिषा