ब्राह्मीचा नवा वाफा

आये, तुझी पणती आता बारामतीला औषधांच्या कॉलेजात शिकते, आणि तिनं अभ्यासाला घेतलंय काय, तर आपली ब्राह्मी! मेंदूचं रक्त अडून माणूस लुळं पडलं, तर ह्या पाल्याचा अर्क मेंदूला जपतो का, ते तिला बघायचंय. हे ऐकलं आणि माझी तव्यावरची भाकरी करपली बघ. डोळ्यांपुढं आपलं निरवांगीचं स्वयंपाकघर आलं. आबांचं तोंड वाकडं झालंय, हात लोंबतोय, तू पाट्यावर ब्राह्मी वाटतेस आणि रस त्यांच्या ओठांतून गळतोय. आबा गेले, तुझं कुंकू पुसलं, तर चुलते म्हणाले, "हिच्या पाल्यानंच घात केला." परत तू ती कधी वाटली नाहीस. उपटलीही नाहीस म्हणा. तिचंच रोप मी लग्नानंतर सासरी, बावड्याला आणलं.

तर पाटीभर पाला घेऊन, नवं लुगडं नेसून मी कॉलेजात गेले. एसटीत कंडक्टर म्हणतो, "आजी, भाजी कशी दिली?" नातीनं विचारलं, "आजी, ही कुठली गं?" म्हटलं, "न्हाणीमागची. साबणाच्या पाण्यावर लई माजती." तिनं कपाळालाच हात लावला. साबण अर्कात उतरतो म्हणे. अख्खी पाटी परत! मग डाळिंबाच्या कडेला, विहिरीच्या पाण्यावर नवा वाफा केला. पोरगा कुरकुरला, "डाळिंबाचं पाणी पाल्याला?" म्हटलं, "व्हय. डाळिंब बाजारात जातं, ही कॉलेजात जाती."

नात म्हणाली, "आणि गुण न्हाय आला तर?" "न्हाय तर न्हाय. पण नीट बघून ठरू दे, चुलत्यांच्या तोंडानं नको." तिनं एक बजावलंय, कुणाचं तोंड वाकडं झालं तर आधी गाडी, थेट दवाखाना, तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागतो. ते मी सगळ्या गल्लीकडून पाठ करून घेतलंय. तुला कोण सांगणार होतं, आणि तेव्हा गाडी तरी कुठं होती!

हे पत्र टाकायचं कुठं, राहू दे उशाखालीच. नव्या वाफ्यातला पाला कॉलेजात पोचलाय. अर्क आधी उंदरांना देणार आहेत. जन्मभर कणगीपाशी उंदरांना विष घालणारी मी, आता रोज देवापुढं त्यांच्यासाठी दिवा लावते. सुनेला वाटतं, लेकीच्या परीक्षेसाठी लावते.