धुण्याच्या गावातली भिंत

अण्णा,

आईनं परत विचारलंय. "येणार हायस का न्हाईस, एकदा काय ते सांग." मामानं गंगावेशीच्या अलीकडं एक गाळा बघून ठेवलाय, फ्लेक्स छापायचं मशीन टाकायला. जोतिबाच्या यात्रेपर्यंत होय-नाही सांगायचंय, नाहीतर गाळेवाला दुसऱ्याला देणार. मी फोनवर "बघतो" म्हणतो. गेल्या दिवाळीपासून "बघतो"च म्हणतोय. परवा ती चिडून म्हणाली, "बाप असता तर त्याला तरी सांगितलं असतंस." म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी काही सांगितलं असं नाही, पण ती म्हणतेय तर लिहून बघतो. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. भिंतीवर बरं, कागदावर कोंबडीचे पाय.

पेठेत सगळ्यांना वाटतं पोरगा पॅरिसला असतो. मी पॅरिसच्या बाहेर असतो. कोल्हापूरला उचगाव जसं, तसं पॅरिसला हे गाव समजा. तो फोटोतला मनोरा इथनं दिसत नाही. दहा-बारा मजल्यांच्या बिल्डिंगी आहेत, त्यांच्या पायाशी जुनी बुटकी घरं, एक चर्च, नगरपालिका, आणि रविवारी चर्चपुढं बाजार भरतो. मी एका जाफन्याच्या तमिळाबरोबर खोलीत राहतो. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ नाही, त्यामुळं भात मऊ झाला की आम्ही फ्रेंचमधनं भांडतो. जिन्यात कुणी भेटलं की "बोंजूर" म्हणावंच लागतं, विसरलो तर माणसं मनाला लावून घेतात. पाव हातभर लांब, काखेत धरून चालतात. रेल्वे रुळाच्या अलीकडच्या पोरांची फुटबॉलची टीम वेगळी, पलीकडच्यांची वेगळी, आणि त्यांची मॅच असली की मला दोन मिनिटं पेठेत असल्यागत वाटतं. शिव्या पूर्ण कळत नाहीत, पण सूर तोच.

काम म्हणाल तर दुबईत भेटलेल्या एका सरदारजीकडं आहे, त्यानंच इथं आणलं. जिने, छतं, दवाखाने, सगळीकडं पांढरा रंग. रोलर बादलीत बुडवायचा आणि वर-खाली फिरवायचा. अक्षर म्हणून हातानं लिहिलं नव्हतं कधीपासनं. गोव्यात हॉटेलात होतो, मग दुबई, मग इथं. कुठंही वर्ष सरलं की मला तिथलं पाणी आवडेनासं होतं. तुम्ही म्हणायचा, "ह्याच्या बुडाला काय टोचतंय कुनास ठावं."

गेल्या पावसाळ्याच्या सुमाराला (इथं पावसाळा असा नसतो, पण मी तसाच मोजतो) सरदारजीला नगरपालिकेचं एक काम मिळालं. बाजाराकडं तोंड असलेली एका चार मजली इमारतीची आंधळी भिंत, एकही खिडकी नाही, ती खरवडून पांढरी करायची, मग त्यावर गावातली एक चित्रकार बाई मोठं चित्र काढणार. चित्र कशाचं तर धोबिणींचं. तेव्हा मला कळलं, हे गाव मुळात धुण्याचं. इथनं एक ओढा वाहायचा आणि पॅरिसमधल्या मोठ्या लोकांची मळकी कापडं गाड्या भरभरून इथं यायची. बाया गुडघ्यांवर बसून धुवायच्या, माळावर वाळत घालायच्या, इस्त्री करून गाड्या परत जायच्या. आता ओढा रस्त्याखाली पाईपमधनं जातो. मी रोज त्याच्यावरनंच चालत होतो, पत्ता नव्हता. बाईनं मला जुने फोटो दाखवले. दगडावर वाकलेल्या बाया. मला रंकाळ्यावरची धुण्याची चावी, तिथं कापडं आपटणाऱ्या बाया आठवल्या, आणि आईचा ओचा खोचलेला अवतार. बाईला म्हटलं, आमच्याकडं पण. ती म्हणाली, सगळीकडंच.

चित्राच्या वर, अगदी छताखाली, एक ओळ लिहायची होती. "पॅरिसचं धुणं इथं धुतलं जायचं." बाई त्यासाठी पुठ्ठ्याची अक्षरं कापत बसली होती. मी परांचीवर होतो. तोंडातनं निघून गेलं, "मी लिहितो. हातानं." ती वर बघून हसली. "तुला येतं?" म्हटलं, पाट्या रंगवणं माझ्या बापाचा धंदा. सरदारजी खालनं ओरडला, "ओय, तू रोलर मार!" पण बाईनं त्याला समजावलं. म्हणाली, हे जमलं तर अजून दोन भिंती आहेत, शाळेची आणि स्टेशनची, त्या पण ह्यालाच देऊ. अण्णा, त्या रात्री मला झोप लागली नाही. रोलरमधनं सुटायची वाट दिसली होती आणि ती एका ओळीएवढी अरुंद होती.

बाई शाळेत शिकवायला गेली त्या दिवशी मी एकट्यानं ओळ लिहिली. एका टोकाला खिळा ठोकला, दुसऱ्या टोकाला सूत ताणलं, निळीत बुडवून मारलं. भिंतीवर आडवी निळी रेघ उमटली. मग तुम्ही शिकवलं तसं एकेक अक्षर रेघेला लावत गेलो. बाईनं कागदावर नमुना दिला होता, त्यांच्या बारक्या लिपीतला. आपण इंग्रजी लिहायचो ते सगळं मोठ्या लिपीत, वर-खाली सारखं, त्यामुळं कधी प्रश्न आला नाही. ह्या बारक्या लिपीत काही अक्षरं उंच, काही बुटकी. मी सगळ्यांची डोकी रेघेला लावली. वरनं खाली. हात बरोबर चालला होता, गोलाई सुंदर येत होती, आणि मी खूश होतो. परांचीला वारा अडवायला हिरवी जाळी लावलेली होती. भिंतीला नाक लागलेलं. तुम्ही दर दोन अक्षरांनी खाली उतरून रस्ता ओलांडून बघायचा, चहा घेत. मी उतरलो असतो तरी जाळीतनं काय दिसलं नसतं. पण उतरलो नाही हेही खरं.

जाळी काढली रविवारी सकाळी. अख्खा बाजार खाली होता.

आपली अक्षरं रेघेला लोंबतात, अण्णा. ह्यांची रेघेवर उभी राहतात. एवढी वर्षं ह्या देशात पाट्या बघत फिरलो आणि हे मला त्या मिनिटाला, कांद्याच्या गाड्याशेजारी उभा राहून दिसलं. वरनं सगळी अक्षरं एका ओळीत, गपगार. खालनं उंच अक्षरं लोंबलेली, बुटकी अधांतरी. पावाच्या दुकानातली बाई हसली. दोन पोरांनी मोबाईल काढले. सरदारजीनं कपाळाला हात लावला. चित्रकार बाईनं तोंडावर हात धरला, मी म्हटलं, आता गेलं काम. तर ती ओरडली, "अरे, किती छान! दोरीवर वाळत घातलेलं धुणं!"

आणि सगळ्यांना ते पटलं की. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, फार सुंदर कल्पना. कुणीतरी माझा खांदा थोपटला. बाई सगळ्यांना सांगायला लागली, "हा भारताचा आहे, त्यांच्या देशात असंच लिहितात, वरून लोंबतं!" सरदारजी माझ्या कानात म्हणाला, "बच गया तू. चुप रह." मी मान हलवली. मला बरं वाटायला पाहिजे होतं. ओळ राहिली, शाळेची भिंत मिळणार, स्टेशनची मिळणार. पण नजर सारखी त्या लोंबत्या अक्षरांकडंच जात होती.

गावात जुन्या गोष्टी गोळा करणारं म्हाताऱ्यांचं एक मंडळ आहे. फोटो त्यांनीच दिलेले. त्यातली सगळ्यात म्हातारी बाई तेवढ्यात चाकाची पिशवी ओढत आली. पिशवीतनं कांद्याची पात बाहेर आलेली. तिची आई ह्याच गावात इस्त्री करायची. ती थांबली, मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिली. तिचं बोलणं मला फ्रेंचमधलं असूनही आपल्याच बोलीत ऐकू येतं, तसंच लिहितो.

"ह्ये काय हाय?"

चित्रकार बाईनं सांगितलं, दोरीवरचं धुणं आहे मादाम.

"असलं धुणं? माझ्या आईनं वाळत घातलं की काठाला काठ लागलेला असायचा. असलं येडंवाकडं लोंबलेलं बघितलं असतं तर परत धुवायला लावलं असतं तिनं."

"पण मादाम, ह्याच्या देशातली पद्धत आहे ती."

"त्याला इचार की मग." म्हातारी माझ्याकडं वळली. डोळे पाण्यासारखे फिके आणि नजर मात्र टोचणारी. "तुझ्या देशात असं लिवत्यात? तू सांग. तुला ह्ये बरं दिसतंय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरदारजीनं डोळे मोठे केले. मी म्हटलं, "बरं दिसत नाही."

"मग?"

"चुकलंय. रेघ खाली पाहिजे होती."

"मग कर की नीट. बघतोयस काय? माझी आई लिवायला शिकली नव्हती. तिच्या नावाच्या भिंतीवर तरी नीट लिवा. बघणाऱ्याला वाटंल, ह्या गावात कुणालाच लिवता येत नव्हतं."

चित्रकार बाईचं तोंड उतरलं. तिला ते खरंच आवडलं होतं, तिची काही चूक नव्हती. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, परांची उद्या निघणार आहे, पैसे कोण देणार. सरदारजी म्हणाला, माझी माणसं उद्या दुसऱ्या गावाला चाललीत, हा थांबला तर त्यानं परत माझ्याकडं यायचं नाही. म्हातारी म्हणाली, "नगं येऊ दे." जणू मी तिचाच.

अण्णा, इथं आल्यापासनं मला पुष्कळ जण ओरडलेत. उशीर झाला म्हणून, कागद नाही म्हणून, फरशीवर रंग सांडला म्हणून. काम वाईट झालंय म्हणून कुणी ओरडलं नव्हतं. मला चंदगडचं काजूच्या कारखान्याचं कंपाऊंड आठवलं. एसटीनं गेलतो आपण, आणि पाऊस काय थांबेना. तुम्ही पडवीत बिडी ओढत बसला होता आणि मी, थोडी उघडीप बघून, तुम्हाला न विचारता अर्धी ओळ लिहून काढली. सर आली आणि अक्षरं भिंतीवरनं खाली चालत निघाली. कारखान्याचा मालक म्हणाला, "असूद्या पेंटर, वाचता येतंय की." तुम्ही बिडी विझवली. मला म्हणालात, "त्येला वाचता येतंय. तुला बघवतंय का?" मी रडलो होतो, तुम्ही फडकं दिलं पुसायला. डोळे नाही, भिंत.

परांची तीन दिवस ठेवली. चित्रकार बाईनं नगरपालिकेत जाऊन भांडून घेतली ती, नाराज होती तरी. सूत धरायला तीच वर आली, उंचीला घाबरते, एका हातानं पाईप पकडून उभी. आधीची ओळ पांढरी करून ह्या वेळी रेघ खाली मारली. उंच अक्षरं वर गेली, बुटकी रेघेवर बसली, शेपट्या तेवढ्या खाली. मला प्रत्येक अक्षराला हात उलटा न्यावा लागत होता, खालनं वर, आणि उभं राहणारं अक्षर किती ओढ घेतं ते मनगटाला कळलं. जाळी नव्हती. म्हातारी रस्त्यापलीकडं घडीच्या खुर्चीवर कोट घालून बसलेली. "त्ये दुसरं तिरकं!" "न्हाय मादाम, सरळ आहे." "मी हितनं बघतीया, तू काय बघतोयस तितनं?" मग उतरायचं, रस्ता ओलांडायचा. तिरकंच असायचं.

ओळ झाली. चांगली झाली, मी फुशारकी मारत नाही. बाजारात कुणी वर बघत नाही आता, हीच पावती. चित्रकार बाई अजून म्हणते, आधीचं जास्त जिवंत होतं. असेल. शाळेची भिंत तिनं मलाच दिली, पण आता नमुना म्हातारीला दाखवून घ्यायचा असं ठरलंय. सरदारजी गेला. जाताना म्हणाला, "पागल है तू." खोलीतल्या तमिळानं माझ्या वाटणीचं भाडं त्या महिन्यात भरलं आणि त्याबद्दल अजून रोज भात मऊ करतो, मी काही बोलत नाही.

तर आईला काय सांगू. मामाचं खरं आहे, फ्लेक्सच्या धंद्यात तोटा नाही, आणि आईचे गुडघे आता जिना चढत नाहीत. पेठ सोडून लांब राहिलो म्हणून मला कोण चांगलं म्हणणार नाही. मी स्वतःला पण म्हणत नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही ते मला माहीत आहे, आणि आईला मी ते वाचून दाखवणार नाही. रविवारी फोन करून तिला सरळ "येत नाही" म्हणून सांगायचं ठरवलंय, रागावली तर रागावू दे. तिला कारण सांगताना मी काम सांगेन, शाळेची भिंत सांगेन. खरं तेवढं तुम्हालाच सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा मला एका गावातनं निघावंसं वाटत नाही, अण्णा, आणि ते गाव कोल्हापूर नाही.