तिसरी सळई

१२ नोव्हेंबर

ठमे,

केस अजून ओले आहेत, पाणी कागदावर गळतंय. अक्षर फुटलं तर समजून घे. आईचा गुडघा बरा आहे. मांजरीने तुझ्या पलंगावर बस्तान बसवलंय, हुसकावलं नाही. माझा कानही बरा झाला. मार्चनंतर आज पहिल्यांदा पूर्ण खाली उतरले.

बोटवाले काका तुझी चौकशी करत होते. "धाकटी येत नाही तेव्हापासून इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागलाय," म्हणाले. मी हसले.

खाली पाणी स्वच्छ होतं. वाळू किती सरली ते कळावं म्हणून बुडालेल्या जहाजाभोवती रोवलेल्या पाचही सळया मोजल्या. तिसरी वाळूच्या वर बावन्न सेंटिमीटर आहे. जुलैत तू पन्नास लिहिलं होतंस.

जूनमध्ये मी दहा लिहिलं होतं.

एप्रिलपासून तीन मीटरखाली गेलं की कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं. सांगितलं असतं तर मोजणीचं काम बघणाऱ्या सरांनी घरी बसवलं असतं. आपण रविवारचे पाणबुडे, पण माझं म्हणून तेवढंच होतं. तू नोकरीच्या गावी होतीस. माझा जोडीदार कॅमेऱ्यात डोळे खुपसून पलीकडे असायचा. उथळावरच्या दोन सळया मी मोजायचे. उरलेल्या तिन्हींचे आकडे मागच्या महिन्याचेच, थोडे कमी-जास्त करून. असे तीन महिने.

जुलैत सर म्हणाले, एका महिन्यात चाळीस सेंटिमीटर वाळू जात नाही, तूच हाताने उकरलीस. तू माझ्याकडे वळलीस.

"ताई, जूनमध्ये तू नीट पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं."

तेवढ्यावर तुझं नाव पाणबुड्यांच्या यादीतून गेलं. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी दारात उभी राहून विचारलं, छत्री घेतलीस का.

उकरलेला खड्डा आपोआप भरेल म्हणून कुणी झाकला नाही. पुढे पाणी गढूळ झालं, कुणी उतरलंच नाही. आज तिथल्या फळीवर बोट टेकवलं, ते आत गेलं. वाळू सरकली की लाकडात किडे शिरतात, हे शाळेच्या मुलांना तूच सांगायचीस. उघडं पडलेलं लाकूड झाकायची रेतीची पोती एप्रिलपासून शेडमध्ये भरून पडली आहेत.

उद्या सरांना सांगणार आहे. माफ कर असं लिहिलं होतं, खोडलं.

न पाहता पाहिलं म्हणणारी,
तुझी ताई

ता. क. १३ तारीख. सकाळी आठला सरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "हे तीन महिने झाले. आधीची सहा वर्षं कशावरून खरी?"  माझ्या हातच्या सगळ्या नोंदी त्यांनी बाद केल्या, तुझी जुलैची ठेवली. नऊ वाजता पोती घेऊन बोट निघाली. धक्क्यावरून दोर मी सोडला.