गयासच्या छातीतली गोळी

अमरावती,
शुक्रवार

प्रिय गयास,

सप्रेम जय भीम, आणि सलाम.

तुझी तब्येत कशी आहे? पत्राच्या आरंभी हे सगळेच विचारतात आणि उत्तराकडे कोणाचं लक्ष नसतं. मी मात्र या वेळी काळजीने विचारतो आहे, आणि खरं सांगायचं तर उत्तर ‘ठणठणीत’ असं येऊ नये अशी माझी इच्छा आहे. (रागावू नको. पुढे वाच.) जहाँआराभाभींनाही सलाम सांग, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर. हाताशी फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर तू हसतोस, आणि तुझं हसणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातं. शिवाय मी तेहतीस वर्षं शिक्षण विभागात कागद काळे केले. तोंडाने सांगायची लाज वाटते ते मला कागदावरच जमतं.

तू मला जान्या म्हणतोस, पण इकडे मी तायडे साहेब आहे हे तुला ठाऊक आहे. भातकुलीला विस्तार अधिकारी असताना शाळेच्या भिंतीवरची मारधाडीच्या पिक्चरची पोस्टरं मी स्वतः नखांनी खरवडून काढली होती. निवृत्तीनंतर आमच्या विहाराच्या वाचनालयात ‘चित्रपट आणि संस्कार’ या विषयावर माझी चार व्याख्यानं झाली. चारही व्याख्यानांत मी या सिनेमांना गटार म्हटलं. आणि तोच मी दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडतो, अकोल्याला उतरतो, मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या तुझ्या माडीवर येतो, आणि बंद पडलेल्या टॉकीजमधून तू उचलून आणलेल्या त्या नऊ खुर्च्यांपैकी एकीवर (मधल्या, जिची स्प्रिंग बरी आहे) बसून पांढऱ्या भिंतीवर ‘बारूदी चौकीदार’ पाहतो. पुलावर कोणी ओळखीचं दिसलं तर मी नदीकडे पाहू लागतो. इतक्या वेळा पाहिलं आहे की एकाने मला नदी सुधार समितीचा सदस्य समजून निवेदन दिलं.

यात मला काय आवडतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. एकच जीप तीनदा जळते, तिसऱ्यांदा जळताना तिच्या मागे पहिली जळालेली जीप उभी दिसते. खलनायकाची मिशी जिन्यावर चढताना उजवीकडे असते आणि वर पोचेपर्यंत डावीकडे आलेली असते. मेलेला गुंड मागे हळूच नाक खाजवतो आणि परत मरतो. (त्या गुंडासाठी तू रीळ मागे घेऊन सात वेळा दाखवलंस, आणि सातही वेळा आपण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.) पण नुसतं हसायला मी येत नाही रे. माझ्या टेबलावरून एका शिक्षिकेच्या बदलीची फाइल अकरा वर्षं फिरत होती. ज्याने अडवली तो सत्कार घेऊन निवृत्त झाला, आणि त्या सत्काराचं सूत्रसंचालन मी केलं. तुझ्या भिंतीवर मात्र माणूस वाईट वागला की दहा मिनिटांत खिडकीतून बाहेर येतो, काचेसकट. ते पाहून मला इतकं बरं वाटतं की त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

आता जे मी कोणालाच सांगितलं नाही ते सांगतो. तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा अनुप तेव्हा अकरा वर्षांचा होता. मी दुपारी अचानक घरी आलो तर हा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला, आणि केबलवर ‘लोहे का दामाद’ लागलेला. नायकाच्या छातीत गोळी अडकलेली, सासऱ्याने त्याला साखळदंडाने बांधून कोरड्या विहिरीत सोडलेलं, आत साप, आणि वरून दगडाचं झाकण सरकत होतं. मी टीव्ही बंद केला. अनुपच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि वर्षभरासाठी केबल तोडली. ज्योत्स्ना एवढंच म्हणाली होती, “बारकं पोरगं हाय, एवढा एक तं पाहू द्या.” मी ऐकलं नाही. अनुपने रडत रडत विचारलं की तो विहिरीतून निघतो का. मी त्याला पंधरा ओळींचा निबंध लिहायला लावला.

पण गयास, झाकण सरकताना मीही पाहिलं होतं. ते डोक्यातून गेलंच नाही. मीटिंगमध्ये, तपासणीत, भंतेजींच्या प्रवचनात मध्येच मनात यायचं, की निघाला कसा? म्हणून तुझ्या माडीवर पहिल्याच रविवारी मी तुला तोच पिक्चर मागितला. आणि काय पाहिलं? झाकण बंद होतं, अंधार होतो, आणि पुढच्या दृश्यात दामाद नवा कोरा शर्ट घालून घोड्यावर. कसा निघाला ते दाखवलेलंच नाही! निर्मात्याकडे त्याला विहिरीत उतरवण्यापुरतीच ऐपत असावी. तू म्हणालास, रीळ कापलेलं नाही, आम्ही तेव्हाही टॉकीजमध्ये असाच दाखवला. मी ‘भिकार’ म्हणालो आणि लगेच दुसरा लावायला सांगितला. तेव्हापासून दर रविवारी येतोच आहे. अनुप आता पुण्यात इंजिनिअर आहे. बेताच्याच गोष्टी आम्ही फोनवर बोलतो, हवामान वगैरे. कोणत्या तोंडाने त्याला सांगू की बाबा आता तेच पाहतात?

ज्योत्स्नाला तर त्याहून सांगता येईना. लागोपाठ चौथ्या रविवारी तिने विचारलं, “काहून हो, अकोल्याले काय ठेवलं हाय?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं की गयास आजारी आहे. काय झालं, असं तिने विचारलं. आता ही बाई तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होती. तिला साधा सर्दी-ताप सांगितला असता तर औषध कोणतं ते विचारलं असतं. मी घाबरलो, आणि डोक्यात जे ताजं होतं ते, दामादच्या छातीतलं, सांगितलं. म्हणालो, छातीत काहीतरी अडकलं आहे, काढायला गेलं तर जिवाला धोका. काय अडकलं आहे, असं तिने विचारलं, तर मी म्हणालो, जुनं आहे. डॉक्टरांनी रागावू नको म्हणून सांगितलं आहे, कारण रागावला की ते एक इंच सरकतं. ज्योत्स्ना ‘अरेरे’ म्हणून भाजी निवडायला गेली. तिचा विश्वास बसला म्हणून मी इतका खूश झालो की त्या दिवशी भांडीही घासली.

दर रविवारी मी जो डबा आणतो तो आठव. “अबे जान्या, भाभीले सांग ना, खिचडीत थोडं तिखट टाकत जा म्हना,” असं तू म्हणाला होतास आणि मी विषय बदलला होता. तो डबा आजाऱ्याचा होता, गयास. मुगाची, बिनतिखटाची, तुझ्या छातीसाठी. सात महिने तू ती भज्यांबरोबर खाल्लीस.

इथवर मी निभावलं असतं. पण गेल्या पौर्णिमेला विहारात तुझ्या प्रकृतीसाठी परित्राण पाठ झाला. ज्योत्स्नाने महिला मंडळाला सांगितलं होतं. बावीस बाया हात जोडून तुझ्यासाठी बसल्या होत्या, तू त्या वेळी बहुधा माडीवर प्रोजेक्टर पुसत असशील. आधी पंचशील. चौथ्या शीलावर, खोटं न बोलण्याचं ‘मुसावादा’ म्हणायची वेळ आली की गेले सात महिने मला खोकला येतो. त्या दिवशी तर असा आला की माणिकबाईंनी (मंडळाच्या अध्यक्षा, आमच्याच गल्लीतल्या) पाणी आणून दिलं. पाठ झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आजारी मित्राची सेवा करणाऱ्या तायडे साहेबांचा सत्कार. शाल आली. दोन शब्द बोला म्हणाले. मी वीस मिनिटं बोललो. मैत्रीवर! आणि शेवटी काही सुचेना तेव्हा माझ्या तोंडून ‘चौकीदार’मधला तो जिन्यावरचा डायलॉग मराठीत निघून गेला. दुसऱ्या दिवशी विहाराच्या फळ्यावर आजचा सुविचार म्हणून लिहिलेला होता: ‘मित्राच्या छातीतलं दुःख ही माझी अमानत आहे. — मा. जानराव तायडे.’ सहा दिवस झाले, कोणी पुसत नाही. मी दूध आणायला आता मागच्या रस्त्याने जातो.

गयास, मला फार लाज वाटते. पिक्चर पाहिल्याची जितकी वाटते त्याच्या दसपट, तुझ्यासारख्या धडधाकट माणसाला न विचारता आजारी पाडल्याची वाटते. कॉलेजात असताना तू मला ऑपरेटरच्या केबिनमधून पिक्चर दाखवायचास आणि मालक आला की माझ्यावर गोणपाट टाकायचास. तू माझ्यासाठी कधी खोटं बोलला नाहीस, फक्त गोणपाट टाकलंस. मी सध्या त्याच विहिरीत आहे आणि झाकण सरकतं आहे. तू मला शिव्या दे, हक्क आहे तुझा. फक्त हळू दे.

भाभींच्या गुडघ्यांना आराम पडो, नगमा सासरी सुखात असो, आणि तुझी माडी पावसात न गळो, हीच सदिच्छा.

तुझा लाजिरवाणा मित्र,
जान्या

ता. क. — मुख्य गोष्ट राहिलीच. परवा, रविवारी, ज्योत्स्ना महिला मंडळाला घेऊन तुला भेटायला येते आहे. गाडी ठरली आहे. आजाऱ्याला भेटायला जाऊ नको असं आपल्याकडे कोणाला म्हणता येतं का? तेव्हा कृपा करून अकरा ते एक अंथरुणावर पडून राहा. खुर्च्यांवर चादर टाक. केळी आणि बिस्किटं येतील, ती ‘आता कशाला’ असं क्षीण आवाजात म्हणून घे. छातीला हात उजवीकडे लावू नको, गोळी डावीकडे आहे. आणि कोणी काही बोललं तरी रागावू नको, इंचाचं लक्षात ठेव. हे पत्र मी स्पीड पोस्टाने टाकतो, उद्या पोचेल.

ता. क. २ — बाया एकला निघतील. मी ‘दोन दिवस याच्याजवळ थांबतो’ म्हणणार आहे. तेव्हा तो नवीन आणलेला, ज्यात नायकाची आई पण तलवार चालवते, तो लावून ठेवशील ना?

ता. क. ३ — गयासभाऊ, नमस्कार. मी ज्योत्स्ना. आमचे हे पाकीट आणाले गेले अन् पत्र टेबलावरच ठेवून गेले, आता पोस्टात मीच टाकीन. तुमच्या छातीत काही नाई हे मले पहिल्याच दिवशी समजलं. गोळी अडकलेल्या मानसाजवळ बसून आलेल्याच्या शर्टाले दर रविवारी भज्याचा वास येत नाई. वाटलं, पाठाच्या दिवशी तरी बोलतीन. शाल देली, तरी नाई बोलले. पाठ तुमच्यासाठी नव्हता, तुमच्या मित्राले खरं बोलाची बुद्धी यावी म्हनून होता. राग पिक्चरचा नाई. सात महिने मले सोबत नेलं नाई, याचा आला. तीस वर्षं दवाखान्यात मले बी कित्येकाले खिडकीतून फेकावंसं वाटलं, पन म्या इंजेक्शनच देलं. महिला मंडळ परवा येऊन नाई राहिलं, ते म्या यायले उगाच सांगतलं. मी अन् अनुप येऊन राहिलो. तो उद्या रात्री पुण्याहून निघते, यायले माहीत नाई. पोरगं अजून विचारते का तो विहिरीतून निघाला कसा. तोच पिक्चर लावा. खिचडीत या वेळी तिखट हाय. अन् यायच्यासाठी म्या नवा शर्ट काढून ठेवला हाय.