हिल्डा आजींच्या तोंडी न येणारं नाव

३ मार्च
केसची तारीख लागली. अठराला, प्रांताच्या मुख्य गावी बुआलाला, तिथल्या सभागृहात. न्यायमूर्ती परदेशी, इथे येऊन चारच महिने झालेत.

केसमधली माझी सोबतीण वकील पाओला हिने समुद्रापलीकडच्या कीटोहून उपग्रहाचे फोटो पाठवले. लाकूडतोड कंपनीचा रस्ता कोलोरू गावच्या ओढ्यापासून चारशे मीटरवर आलाय. अठराला हरलो तर ओढ्यावरचं जंगल गेलं, आणि अख्खं गाव तेच पाणी पितं. कंपनीकडे करार आहे, त्यावर पाच पुरुषांच्या सह्या. आमच्या इसाबेल बेटावर जमीन बायकांकडून चालत येते, आणि विचारलं एकाही बाईला नाही!

६ मार्च
सकाळी आठला आम्हा तिघा वकिलांची व्हिडिओवर बैठक. पाओलाकडे अजून काल चालू असतो, त्यामुळे तिला कधीच घाई नसते. आलॉइस न्यू ब्रिटन बेटावरून, मागे कोंबडे. अशीच केस त्याने तिकडे जिंकलीय, म्हणून प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यानेच केला: 'मी, हिल्डा, शपथेवर सांगते की सिलास हाबू याने माझ्यादेखत करारावर सही केली आणि आम्हा बायकांना विचारलं नाही.'

पाओला म्हणाली, "एका वाक्यात काम झालं." मलाही आवडलं. तीन देश, तीन वकील, आणि तिघंही खूश.

९ मार्च
कोलोरूला गेले. बोटीत पाऊस, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, मी पिशवीबाहेर.

हिल्डा आजींनी चष्मा लावून कागद वाचला, मग चटईवर पालथा घातला. सुपारी फोडली.
"हे कुणी लिहिलं?"
"आम्ही तिघांनी."
"तिघांपैकी कुणालाच सासू नाही का गं?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. सिलास त्यांचा जावई. सासूने जावयाचं नाव घ्यायचं नाही, जावयाने सासूचं नाही – हे मी चालायला लागले तेव्हापासून मला माहीत आहे! नावाखाली सही करणं म्हणजे नाव घेणंच. राजधानीत, होनियारात बारा वर्षं राहून डोकं नुसतं फायलींचं झालंय.

सही होताना स्वयंपाकघराच्या कुडाआडून फक्त आजींनी पाहिलं होतं. दुसरा साक्षीदार नाही.

१० मार्च
आलॉइसला कळवलं. त्याचं उत्तर: "माझ्या गावातही हेच आहे. बायकोला सांगू नकोस."

पाओला म्हणाली, नातं लिहा. लिहिलं: 'माझ्या मधल्या मुलीचा नवरा.' आजींनी तीनदा वाचून सही केली. वर कसावाच्या कंदाचं पुडिंगही खायला घातलं, म्हणजे माफ केलं असावं.

१८ मार्च
आजच लिहून ठेवते.

कंपनीचा वकील उठला. "मधल्या मुलीची दोन लग्नं झालीत, महाराज. कुठला नवरा?" हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. तीन देश!

न्यायमूर्ती आजींना म्हणाले, "नाव सांगा."
आजींनी चष्मा काढून हातात धरला.
मी प्रथा समजावून सांगितली. ते म्हणाले, "आदर आहे. पण नाव आलं नाही तर हे विधान मला वगळावं लागेल."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी – हे लिहायला लाज वाटते – मी मान हलवली. नाव घ्या म्हटलं. त्यांनी ओठ उघडले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. कोलोरूची सगळी माणसं खाली बघायला लागली. एका ओढ्यासाठी मी या बाईला चारचौघांत उघडं पाडत होते, आणि थांबवत नव्हते.

मागून खुर्ची सरकली. कंपनीच्या बाकावरून, कंपनीची टोपी हातात घेऊन, सिलास उठला. तो कंपनीचा साक्षीदार होता!

"मी तो. सिलास हाबू. सही मी केली. त्यांना नाव घ्यायला लावू नका, साहेब."
वकिलाने त्याची बाही ओढली. त्याने सोडवून घेतली.
न्यायमूर्तींनी शपथ देऊन विचारलं, "बायकांना विचारलं होतं?"
"नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या."

तो आजींकडे शेवटपर्यंत वळला नाही. वळायचं नसतंच.

१९ मार्च
मनाई हुकूम मिळाला! कंपनीने तीस दिवसांत यंत्रं हलवायची. पाओला फोनवर रडली. आलॉइसने अभिनंदन केलं आणि कोंबडा आरवला. मी भात आणि डब्यातला टूना खाल्ला, दोनदा वाढून घेतला.

२२ मार्च
सिलासची नोकरी गेली. आजींनी मुलीच्या हाती त्याला पुडिंग पाठवलं. कुणासाठी ते बोलल्या नाहीत.

११ एप्रिल
कंपनीची पाचही यंत्रं बोटीवर चढली. गावाने किनाऱ्यावर उभं राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मीही टाळ्या वाजवल्या.

१७ एप्रिल
आलॉइसचा फोटो आला. तीच बोट, तीच पाच यंत्रं, तिकडे न्यू ब्रिटनला त्याच्या आईच्या गावच्या वाळूवर उतरताना. खाली लिहिलंय: "अभिनंदन मागे घेत नाही. निकालाची प्रत आजच पाठव."